गुडघ्याची किंमत ठरली, तोलाची नोंद कुठे?

राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१७ रोजी गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा मध्यमवर्गीय घरांतून या निर्णयाचे मनःपूर्वक स्वागत झाले. सरासरी १ लाख ५८ हजार रुपये कमाल किरकोळ किंमत असलेला कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा कर वगळता ५४ हजार ७२० रुपयांवर आला. टायटॅनियम वा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या सांध्यासाठी ७६ हजार ६०० रुपयांची मर्यादा ठरली. रुग्णांचे वर्षाला सुमारे १,५०० कोटी रुपये वाचतील, असे तत्कालीन केंद्रीय रसायन व खतमंत्री अनंतकुमार यांनी सांगितले होते. बाजारातील नफेखोरी पाहता हा हस्तक्षेप आवश्यकच होता. मात्र त्यानंतरची बहुतेक चर्चा सांध्याची किंमत, त्याचा धातू आणि त्याची कंपनी यांभोवतीच फिरत राहिली. गुडघा बदलणे म्हणजे यंत्राचा झिजलेला सुटा भाग काढून नवा बसवणे, हा समज त्यामुळे अधिकच पक्का झाला. वास्तविक शस्त्रक्रियेनंतर माणूस जिना कसा उतरेल, हे त्या धातूपेक्षा त्याच्याभोवतीच्या मऊ ऊतींवर, म्हणजे अस्थिबंध, सांध्याचे आवरण आणि स्नायू यांच्या ताणावर, फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

निरोगी गुडघा केवळ हाडांच्या आकारामुळे स्थिर राहत नाही. मांडीचे हाड नडगीच्या जवळजवळ सपाट पृष्ठभागावर टेकलेले असते; त्याला जागेवर धरून ठेवतात ते आतल्या व बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध. तंबूच्या दोऱ्यांप्रमाणे दोन्ही बाजूंचा ताण जुळला, तरच खांब सरळ उभा राहतो. झिजेच्या संधिवातात आतल्या बाजूची कूर्चा संपत जाते, पाय धनुष्यासारखा बाहेर वाकतो, आतला अस्थिबंध आखडतो आणि बाहेरचा सैल पडतो. अशा गुडघ्यात शल्यविशारद हाडांचे झिजलेले पृष्ठभाग कापून काढतो, तेव्हा त्याच्यापुढे खरे काम उरते ते या असमान दोऱ्या पुन्हा समतोल करण्याचे. पाय सरळ असताना दोन हाडांमध्ये जी पोकळी राहते आणि गुडघा काटकोनात वाकवल्यावर जी राहते, त्या दोन्ही शक्य तितक्या समान व चौकोनी असाव्यात, हा या शस्त्रक्रियेचा मूलमंत्र मानला जातो. आखडलेली ऊती किंचित मोकळी करायची, की हाडाचा काप एखाद्या मिलिमीटरने बदलायचा, याचा निर्णय शस्त्रक्रियागृहात त्या क्षणी घ्यावा लागतो. ताण अधिक राहिला तर गुडघा दुखतो, आखडतो आणि पुरेसा वाकत नाही. तो कमी पडला तर गुडघा डळमळतो, उतारावर दगा देतो आणि आतले प्लास्टिक अकाली झिजण्याचा धोका वाढतो. अस्थिरता हे पुनर्शस्त्रक्रियेच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे, ते यामुळेच.

हा विचार नवा नाही. १९७० च्या दशकात लंडनमध्ये मायकेल फ्रीमन आणि न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत जॉन इन्सॉल यांनी तो मांडला व रुजवला. इन्सॉल यांच्यासोबत ज्या चमूने १९७४ च्या सुमारास आधुनिक गुडघेरोपणाचा पाया ठरलेला 'टोटल कॉन्डिलर' सांधा घडवला, त्यात पीटर वॉकर या अभियंत्याबरोबरच इंदूरमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. चित्तरंजन राणावत होते. याच राणावतांनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या आणि जून २००१ मध्ये उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया केली. 'नी रिप्लेसमेंट' हा शब्द मराठी घरांत रुळला, त्यात या घटनेचा वाटा मोठा आहे. तोवर श्रीमंतांची चैन वाटणारी ही शस्त्रक्रिया पुढच्या दोन दशकांत मुंबई-पुण्याबाहेर पसरली आणि नाशिकसारख्या शहरांत नित्याची झाली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या सुधारित यादीत खुबा व गुडघेरोपणाचा समावेश झाल्याने सार्वजनिक पैसाही तिच्याशी जोडला गेला. त्यामुळे तिच्या परिणामांची विचारणा करणे हा आता केवळ रुग्णाचा खासगी प्रश्न राहिलेला नाही.

परिणाम वाईट आहेत, असे अजिबात नाही. विविध देशांच्या नोंदींवर आधारित आणि २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार संपूर्ण गुडघेरोपणाचे सुमारे ८२ टक्के सांधे २५ वर्षे टिकतात. परंतु सांधा टिकणे आणि रुग्ण समाधानी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १,७०३ शस्त्रक्रियांचा मागोवा घेऊन २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९ टक्के रुग्ण असमाधानी आढळले. इंग्लंड व वेल्समधील नोंदींतूनही साधारण तेच चित्र पुढे आले होते. क्ष-किरण चित्रात सांधा निर्दोष दिसतो, टाका भरलेला असतो, आणि तरीही पाचांतील एक जण आपला गुडघा अजून 'आपला' वाटत नाही म्हणून खंतावतो. ओंटारिओच्या त्या अभ्यासात असमाधानाशी सर्वांत घट्ट जोडलेला घटक होता अपेक्षाभंगाचा. अर्थात सगळे अपश्रेय मऊ ऊतींच्या माथी मारणे शास्त्राला धरून होणार नाही. शस्त्रक्रियेपूर्वीची वेदना, मनःस्थिती, स्थूलता, इतर आजार आणि नंतरचा व्यायाम यांचाही त्यात भाग असतो. तथापि शल्यविशारदाच्या हातात जे असते, त्यात तोल साधणे ही सर्वांत कसोटीची बाब आहे.

हा तोल आजवर प्रामुख्याने हाताच्या अंदाजाने जोखला जात आला. अनुभवी हातही त्यात चुकतात, हे ताणमापक संवेदक वापरून केलेल्या अभ्यासांनी दाखवून दिले. मग संवेदकांनी तोल मोजला तर रुग्ण अधिक समाधानी होतील, असे मानणे ओघाने आले आणि सुरुवातीच्या काही अभ्यासांनी त्याला दुजोराही दिला. परंतु ऑस्ट्रेलियात २५० रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत संवेदकाच्या व हाताच्या साहाय्याने केलेल्या शस्त्रक्रियांचे रुग्णांनी सांगितलेले परिणाम दोन वर्षांनंतर सारखेच निघाले. कोरियात १,४०६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत रोबोच्या साहाय्याने आणि पारंपरिक पद्धतीने केलेल्या शस्त्रक्रियांमध्ये सरासरी १३ वर्षांनंतरही फरक आढळला नाही. तो रोबो जुन्या पिढीचा होता आणि आजची यंत्रे हाडांबरोबर पोकळ्यांचा ताणही मोजतात, हे खरे. पण यंत्राने मोजमाप अचूक झाले म्हणून रुग्णाचे चालणे आपोआप सुधारत नाही, एवढा बोध या चाचण्यांतून निश्चित घेता येतो. नेमका किती ताण कोणत्या गुडघ्यासाठी योग्य, हाच प्रश्न अजून पूर्णपणे सुटलेला नाही. प्रत्येकाचा गुडघा जन्मतःच थोडा वेगळा असतो. म्हणून सर्वांचे पाय एकाच सरळ रेषेत आणण्याऐवजी ज्याची त्याची मूळ ठेवण सांभाळावी, असा विचार अलीकडे बळावतो आहे. अशा वेळी 'रोबोटिक' हा शब्द जाहिरातफलकावर यशाची हमी म्हणून झळकावा, हे रुग्णाच्या हिताचे नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. बरेच रुग्ण फार उशिरा, पाय पुरेसा वाकल्यानंतर, शस्त्रक्रियेला तयार होतात. वाकडेपणा जितका जुना, तितका ऊतींचा असमतोल अधिक आणि तो दुरुस्त करणे तितके जिकिरीचे. शिवाय अपेक्षाही वेगळ्या असतात. निफाड-दिंडोरीच्या शेतकरी कुटुंबातील स्त्रीला उकिडवे बसून कांदा काढायचा असतो. शहरातल्या निवृत्त गृहस्थाला पूजेसाठी मांडी घालायची असते, सप्तशृंगगडाच्या पायऱ्या चढायच्या असतात. बहुतेक शल्यविशारद शस्त्रक्रियेनंतर उकिडवे बसण्याविरुद्ध सल्ला देतात. अधिक वाकणारे म्हणून विकले जाणारे 'हाय-फ्लेक्स' सांधे याच अपेक्षेवर स्वार होऊन बाजारात आले आणि २०१७ च्या आदेशात त्यांना ५६ हजार ४९० रुपयांची स्वतंत्र मर्यादाही मिळाली. मात्र कोरियात २००५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात साधा सांधा आणि असा सांधा यांच्या वाकण्यात अर्थपूर्ण फरक आढळला नव्हता. गुडघा किती वाकेल, हे शस्त्रक्रियेपूर्वी तो किती वाकत होता आणि त्याचा तोल कसा साधला गेला, यावर अधिक ठरते. हे आधी स्पष्टपणे सांगितले गेले, तर निम्मा अपेक्षाभंग टळू शकेल.

या सर्व चर्चेत परदेशी अभ्यासांचाच आधार घ्यावा लागतो, यातच दुखण्याचे मूळ आहे. स्वीडनमध्ये गुडघेरोपणाची राष्ट्रीय नोंदणी १९७५ पासून, तर इंग्लंड व वेल्समध्ये २००३ पासून चालू आहे. कोणता सांधा, कोणत्या रुग्णालयात, किती वर्षे टिकला, हे तिथे सांगता येते. भारतात खुबा व गुडघा शल्यविशारदांच्या संघटनेने २००६ मध्ये नोंदणी सुरू केली. परंतु ती ऐच्छिक राहिली. नोंद नसण्याची किंमत काय असते, हे 'एएसआर' या खुब्याच्या सांध्याच्या प्रकरणात दिसून आले. जॉन्सन अँड जॉन्सनच्या उपकंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये हा सदोष सांधा जगभरातून परत मागवला. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो वापरला गेला होता. पुढे केंद्र सरकारने नेमलेल्या समितीला त्यांपैकी ३,६०० हून अधिक रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही. ज्यांच्या शरीरात दोष होता, त्यांना तो कळवण्याची सोयही व्यवस्थेकडे नव्हती. सांध्यातल्या दोषाबाबत ही अवस्था, तर तोल साधण्यातल्या उणिवेचा हिशेब कोण ठेवणार?

या संदर्भात नाशिकचे स्थान वेगळे आहे. राज्यातील वैद्यकीय, परिचर्या आणि फिजिओथेरपी महाविद्यालयांना एका छत्राखाली आणणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे. शल्यविशारद घडवणारा आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला चालायला शिकवणारा, असे दोघेही याच विद्यापीठाच्या परीक्षा देतात. संलग्न महाविद्यालयांच्या रुग्णालयांत होणाऱ्या प्रत्येक गुडघेरोपणाची समान नमुन्यातील नोंद ठेवणे, सहा महिन्यांनी आणि दोन वर्षांनी रुग्णाला वेदना, जिना, चालणे आणि समाधान यांविषयी मोजके प्रश्न विचारणे, आणि ही माहिती पदव्युत्तर प्रशिक्षणाचा भाग करणे, यासाठी अवाढव्य निधीची गरज नाही. जनआरोग्य योजनेचा पैसा देताना राज्य सरकारलाही हीच अट घालता येईल. अशी नोंद शल्यविशारदांना दोषी ठरवण्यासाठी वापरली जाईल, ही भीती समजण्यासारखी आहे. परंतु अवघड गुडघे हाती घेणाऱ्याचे काम आकड्यांत न्याय्य रीतीने मांडता येते, हे अन्य देशांच्या अनुभवाने दाखवले आहे.

तोवर रुग्णाने आपल्या परीने काही गोष्टी कराव्यात. कंपनीचे नाव विचारण्याआधी, आपल्यासारख्या वाकलेल्या गुडघ्यांवर डॉक्टर वर्षाकाठी किती शस्त्रक्रिया करतात, नंतर काय करता येईल व काय नाही, आणि व्यायाम कोणाच्या देखरेखीखाली होणार, हे विचारावे. सांध्याच्या वेष्टनावरील क्रमांकाची चिठ्ठी डिस्चार्ज कार्डावर लावून घ्यावी व जपून ठेवावी. सरकारने २०१७ मध्ये धातूची किंमत ठरवून अर्धे काम केले. त्या धातूवर माणूस किती विश्वासाने पाऊल टाकतो, याची मोजदाद सुरू होईल, तेव्हाच उरलेले अर्धे पुरे झाले असे म्हणता येईल.