'कायमचा दात' म्हणण्याआधी

आठ वर्षांपूर्वी अम्मीच्या खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवले. कवळी तिला नको होती. पांढऱ्या रश्श्यातलं मटण स्वतः चावून खायचं होतं. डॉक्टर म्हणाले, "आता कायमची काळजी मिटली." त्या एका वाक्यावर आम्ही पैसे मोजले. गेल्या रमजानमध्ये इफ्तारीला खजूर चावताना तिला जाणवलं, त्यातला एक हलतोय.

तो दवाखाना आता बंद आहे. नव्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "स्क्रू कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा?" आमच्याकडे फक्त पैशांची पावती होती.

इम्प्लांट वाईट, असं मला म्हणायचं नाही. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली ज्या पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे स्क्रू बसवले, त्याला ते २००६ मध्ये मरेपर्यंत पुरले. दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदहून अधिक इम्प्लांट जागेवर असतात. पण जागेवर असणं वेगळं आणि निरोगी असणं वेगळं. टायटॅनियमला कीड लागत नाही, हे खरं. भोवतीच्या हिरडीला मात्र जंतुसंसर्ग होतो आणि हाड झिजत जातं. बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून कळतंही नाही. स्क्रू हलायला लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. तंबाखू, ताब्यात नसलेली साखर, हिरड्यांचा जुना आजार आणि अपुरी स्वच्छता ही त्याची मुख्य कारणं.

अम्मीला साखर आहे. ती पस्तीस वर्षं मशेरी लावते. डॉक्टरांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. ज्या घरात मिस्वाकचं महत्त्व लहानपणापासून ऐकलं, त्याच घरात मशेरीच्या डबीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. हा दोष आमचाच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की 'कायमचा' हा शब्द दवाखान्यांनी वापरू नये. त्याऐवजी कंपनी, माप आणि तारीख लिहिलेलं कार्ड रुग्णाच्या हातात द्यावं. दर सहा महिन्यांच्या तपासणीचा आणि सफाईचा खर्च आधीच सांगावा. आपणही पैसे भरण्यापूर्वी विचारावं: दहा वर्षांनी हा दात कोण बघणार?

अम्मीचा दुसरा स्क्रू अजून घट्ट आहे. मशेरीची डबी तिने परवा स्वतःच कचऱ्यात टाकली.