जुन्या मोटारीला दिवसाचे दिवे

पूर्वी भरदुपारी दिवे लावलेली मोटार समोरून आली, की रस्त्यावरचा कोणीही भला माणूस हाताच्या पंजाची उघडझाप करून चालकाला सावध करीत असे. ‘अहो, दिवे राहिले आहेत!’ असा त्या खुणेचा अर्थ. हा शेजारधर्म आता मागे पडला. १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशातील नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो, आणि पुष्कळशा नव्या मोटारींच्या तोंडावरही दिवसा पांढऱ्या प्रकाशाच्या रेघा झळकत असतात. मागे राहिल्या त्या जुन्या फियाट आणि अँबॅसडर. त्यांनाही असे दिवे बसवावेत काय, हा प्रश्न आज काही घरांतून ऐकू येतो, आणि तो वाटतो तितका किरकोळ नाही.

या दिव्यांचे माहेर युरोपच्या उत्तरेस आहे. हिवाळ्यात तिकडे सूर्य क्षितिजाला टेकूनच चालतो आणि संधिप्रकाश लांबतो. म्हणून स्वीडनने १९७७ साली दिवसाही दिवे लावून मोटार चालविणे सक्तीचे केले. कॅनडात १ डिसेंबर १९८९ पासून तयार होणाऱ्या मोटारींना, तर युरोपीय संघात फेब्रुवारी २०११ पासून मोटारींच्या नव्या नमुन्यांना हे दिवे बंधनकारक झाले. रस्ता उजळणे हे त्यांचे काम नव्हेच. समोरच्याला आपण दिसावे, एवढ्यासाठीच ते असतात.

कोणी म्हणेल, आमच्याकडे उन्हाचा काय तोटा? तोटा नाही, हे खरे. परंतु ऊन जितके प्रखर, तितकी झाडाखालची सावली गडद. वड-चिंचांच्या दुतर्फा रांगांतून येणारी राखाडी गाडी त्या सावलीत पार विरून जाते. शिवाय ग्वाल्हेरचे जानेवारीतील धुके आणि बेळगावचा आषाढातील पाऊस आमच्या वाचकांना आम्ही सांगावयास नको.

आमच्या परिचयातील एका बडोदेकर घरी याच प्रश्नावरून सध्या वाद चालू आहे. घरची गाडी १९६८ सालची फियाट डिलाइट, रंग राखाडी. चिरंजीव रविवारी मुलाबाळांना घेऊन तीतून डभोईच्या रस्त्याला जातात. मध्यंतरी दुसऱ्या वाहनाला मागे टाकू पाहणारा एक ट्रक थेट अंगावर आला; ट्रकवाल्याचे म्हणणे एकच, की गाडी दिसलीच नाही. त्या दिवशी सूनबाईंनी सासऱ्यांना स्पष्ट सांगितले, “नाना, दिवे बसवून घ्या, नाहीतर मुलांना मी या गाडीत बसू देणार नाही.” नाना म्हणाले, “माझ्या वडिलांनी घेतलेल्या गाडीच्या तोंडाला मी भोके पाडू देणार नाही.”

आम्हांला विचाराल तर दोघांचेही म्हणणे खरे आहे. सूनबाईंचे खरे अशासाठी, की आजच्या मोटारीत टक्कर झाल्यानंतर माणसाला वाचविणाऱ्या अनेक सोयी असतात: पट्टे, हवेच्या पिशव्या, धक्का स्वतःवर घेऊन चुरगळणारा पुढचा भाग. त्या वेळच्या गाडीत यांतले काहीच नाही. टक्कर न होणे हेच तिचे एकमेव संरक्षण, आणि टक्कर टाळायची तर समोरच्याने आपल्याला वेळीच पाहिले पाहिजे. नानांचे खरे अशासाठी, की पत्र्याला एकदा पाडलेले भोक पुन्हा पहिल्यासारखे बुजत नाही.

तर मग दिवसा गाडीचे मूळचेच मोठे दिवे लावावेत, असा सोपा मार्ग कोणी सुचवील. लांबच्या मोकळ्या रस्त्यावर तो चालण्यासारखा आहे. गावातील गर्दीत मात्र अडचण येते. दोन मोठे दिवे खालच्या झोतावर मिळून सुमारे १०० वॅट खातात. शेपटीचे व पाटीचे दिवे वेगळेच. १२ व्होल्टच्या गाडीत हा भार ९ अँपिअरच्या आसपास जातो. त्या काळच्या ब्रिटिश घडणीच्या मोटारींतील लुकस सी-४० डायनॅमोची कमाल क्षमता सर्वसाधारणपणे २२ अँपिअर, आणि तीही इंजिन वेगात असताना. चौकात गाडी उभी राहिली की डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही आणि सारा भार बॅटरीवर पडतो. याउलट एलईडीच्या दिवसाच्या दिव्यांची जोडी १०-१५ वॅटांत, म्हणजे सुमारे एका अँपिअरमध्ये भागते. म्हाताऱ्या डायनॅमोला एवढे ओझे सहज पेलते.

दिवे निवडताना बाजारातील निळ्या, लुकलुकणाऱ्या पट्ट्यांच्या वाटेस जाऊ नये. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्रकाश पांढरा असावा आणि प्रत्येक दिव्याची तीव्रता ४०० ते १२०० कँडेलांच्या दरम्यान असावी. दिवे जमिनीपासून २५० ते १५०० मिलिमीटर उंचीवर, एकमेकांपासून निदान ६०० मिलिमीटर अंतरावर असावेत. इंजिन चालू होताच ते लागावेत आणि मोठे दिवे लावताच विझावेत, नाहीतर रात्री समोरच्याचे डोळे दिपतात. हे काम एक लहानसा रिले करतो. जोडीला स्वतंत्र फ्यूज अवश्य असावा.

मिस्त्रीने हात घालण्यापूर्वी गाडीची बॅटरी पाहून घ्यावी. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या पुष्कळशा ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे ऋण टोक नव्हे, तर धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. एलईडीतून वीज एकाच दिशेने वाहते, म्हणून तारा उलट जोडल्यास दिवा लागतच नाही. दिव्याचे धातूचे कवच ऋण तारेला जोडलेले असेल आणि ते सांगाड्याला टेकले, तर जागच्या जागी शॉर्टसर्किट होते. काही फार जुन्या मोटारी ६ व्होल्टच्या आहेत. त्यांना १२ व्होल्टचा दिवा चालत नाही.

आता भोकांचा प्रश्न. जुन्या मोटारींच्या ‘फीवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली तुरीन सनद स्वीकारली. तिचे सार असे, की गरजेपोटी केलेला बदल पुन्हा काढता येण्याजोगा असावा आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत. फियाटच्या बाबतीत याचा अर्थ साधा आहे. दिवे जाळीमागे किंवा बंपरच्या मूळच्याच बोल्टांवर पट्टी कसून बसवावेत. कंपनीच्या वायरिंगला कात्री लावू नये. नवी तार वेगळी ओढावी आणि जोडणीचा कच्चा नकाशा गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा. जानेवारी २०२३ मध्ये आमच्या बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला होता. तशा मेळ्यात गाडी न्यावयाची झाली, तर आदल्या दिवशी दिवे उतरवून ठेवता येतात.

कायद्याचेही पाहावे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. मात्र तशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. कोणताही दिवा बसविण्यापूर्वी आपल्या आर.टी.ओ. कार्यालयात विचारून घेणे शहाणपणाचे.

एक सावधगिरी मात्र शेवटची आणि महत्त्वाची. या दिव्यांबरोबर मागचे तांबडे दिवे लागत नाहीत. पुढे उजेड दिसतो म्हणून सगळेच दिवे चालू आहेत, अशा समजुतीत चालक राहतो, आणि तिन्हीसांजेला मागून येणाऱ्याला गाडी दिसत नाही. ऊन कलले, धुके उतरले वा पाऊस लागला, की मोठ्या दिव्यांचे बटण स्वतःच्या हाताने दाबावयाचे, हा नियम घरातल्या प्रत्येक चालकाने पाळावा.

नानांना आम्ही इतकेच म्हटले, की उद्या नातवाला हे दिवे नकोसे झाले, तर एक पाना घेऊन तासाभरात त्याला ते काढता यावेत आणि खाली आजोबांच्या वेळचा पत्रा जसाच्या तसा सापडावा. एवढी हमी मिस्त्री देत असेल, तर सूनबाईंचे म्हणणे मान्य करण्यात वडिलांच्या गाडीचा काहीच अपमान नाही. दारात झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा नातवंडांना घेऊन सुखरूप परतणारी गाडी त्या वडिलांनाही अधिक आवडली असती.