बैल पळतात, पोरंही पळू द्या



शाळूची मळणी उरकली, कडब्याची गंज रचून झाली. आता चैत्रातली जत्रा तोंडावर आलीय. म्हणून आज पिकाचं नाही, जत्रेतल्या पळायच्या शर्यतीचं लिहितोय.

आमचं गाव माण तालुक्यातलं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापासून पाणंदीनं ओढ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, अशी ही शर्यत. सगळं मिळून चारएक किलोमीटर. फी नाही, नावनोंदणी नाही. शिट्टी वाजली की पळायचं. पहिल्याला नारळ आणि टॉवेल. दहावीच्या वर्षी माझा दुसरा नंबर आला होता, ते घरात अजून सांगत असतो.

परवाच्या बैठकीत निघालं की यंदा ही शर्यत नको, गेल्या वर्षी चौदाच जण पळाले, सगळी वर्गणी बैलगाडी शर्यतीला घाला. बैलांच्या शर्यतीला माझा विरोध नाही. २०१४ ला बंदी आली तेव्हा वाईट वाटलं, १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं आपला कायदा कायम ठेवला तेव्हा पेढेही खाल्ले. पण बैलाला खुराक घालणाऱ्या गावाला पोरांसाठी नारळ जड व्हावा का?

पोरं कमी का झाली तेही सांगतो. तीन वर्षांमागं एकानं पाच हजारांचं रोख बक्षीस लावलं. बाहेरची तयारीची पोरं गाडी करून आली, बक्षीस घेऊन गेली. आपली पोरं कडेला उभी राहिली, ती उभीच राहिली. चूक आम्हा मोठ्यांची. माझं स्पष्ट मत आहे, रोख बक्षीस नकोच.

पोरांनी पळणं सोडलेलं नाही. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे अंधारात डांबरीवर पळतात, शेजारून डंपर जातात. भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर असतं. मग जत्रेत तेवढंच अंतर टेपनं मोजून, फक्की मारून, घड्याळ लावून पळवा. प्रत्येकाला आपली वेळ कागदावर लिहून द्या. पाच हजारांपेक्षा तो कागद कामाचा. मोठी फेरी आहे तशीच राहू दे.

आणि मुलींना पळवा. आमच्याकडं त्या अजून नुसत्या बघायला असतात. आपल्याच तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिम्पिकच्या स्टीपलचेसमध्ये अंतिम फेरीत पळाली, दहावी आली. भाषणात तिचं नाव सगळे घेतात, पण घरातल्या पोरीला पळ म्हणत नाहीत.

अजून एक गोष्ट शेतकऱ्याच्या कामाची. शर्यतीमुळं आमची पाणंद मोकळी राहिलीय. कुणी बांध पुढं सरकवला तर जत्रेआधी चारचौघांच्या नजरेत येतो. मग खोरी घेऊन सगळे जातात, काटे तोडतात, खड्डे बुजवतात. त्याच वाटेनं पुढं कडब्याची ट्रॉली येते. पळणं थांबलं की वाट अरुंद होणार, मग तहसीलदाराकडं अर्ज आणि तारखा. ज्यांनी रस्त्याची केस लढवलीय त्यांना विचारा.

बैठकीत मी सांगितलं, यंदा फक्की, नारळ, लिंबू-साखर-मिठाचं पाणी माझ्याकडं. उन्हाच्या आधी साडेसहाला शिट्टी. वर्गणी देऊ नका, घरटी एक माणूस पळायला द्या. पोरगा, पोरगी, सून, कुणीही चालेल.

मी स्वतः पळणार आहे. परत येताना चालत येईन, पण ओढ्यापर्यंत पळतच जाणार.

राम राम.