शंका ज्येष्ठांच्या, कर्तव्य समाजाचे

साथ ओसरते आणि तिने शिकविलेले धडेही तिच्यामागोमाग विस्मरणात जातात, हा आपल्या समाजाचा जुना अनुभव आहे. कोरोनाच्या साथीचेही तेच होऊ लागले आहे. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशाने लसीच्या शंभर कोटी मात्रांचा आणि १७ जुलै २०२२ रोजी दोनशे कोटी मात्रांचा टप्पा ओलांडला. हे आकडे अभिमानास्पद आहेत, यात शंकाच नाही. परंतु त्या आकड्यांमागे घरोघरच्या वृद्धांच्या मनात जे द्वंद्व चालले होते, त्याची नोंद कोणी ठेवली? सोलापूरसारख्या शहरात ते द्वंद्व ज्यांनी जवळून पाहिले, त्यांनी तरी ते विसरता कामा नये.

१२ एप्रिल २०२० रोजी सोलापूर शहरात कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला, तो मृत्यूनंतर आलेल्या अहवालातून. रोगाच्या आधी मरणाची वार्ता यावी, अशी ती सुरुवात होती. दवाखान्यात नेलेले माणूस परत येत नाही, ही धास्ती तेव्हापासून वृद्धांच्या मनात घर करून बसली. आषाढीची वारी दोन वर्षे पायी निघाली नाही; २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी संतांच्या पादुका एस.टी.ने पंढरपुरास आल्या. जिल्ह्यातील ज्या वृद्धांचे अवघे वर्ष वारीभोवती फिरते, त्यांच्यासाठी हा आघात लहान नव्हता.

अशा मनःस्थितीत १ मार्च २०२१ रोजी साठ वर्षांवरील नागरिकांचे, तसेच मधुमेहासारख्या व्याधी असलेल्या पंचेचाळीस वर्षांवरील व्यक्तींचे लसीकरण सुरू झाले. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याच दिवशी सकाळी दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये स्वतः लस घेतली. त्याचा परिणाम झालाच. पण घराघरांतील प्रश्न केवळ तेवढ्याने मिटणारे नव्हते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे, लस चालेल का? साखर वाढलेली आहे, आधी ती उतरू द्यायची का? कोरोना होऊन गेला आहे, मग पुन्हा कशाला? पूर्वभागातील विडी वळणाऱ्या वयस्क भगिनींचा प्रश्न तर रोकडा होता. दोन दिवस ताप आला, तर हजारी विड्या कोण वळणार आणि त्या दिवसांची मजुरी कोण देणार?

या प्रश्नांना अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे सोपे होते आणि काही सुशिक्षितांनी ते केलेही. वस्तुतः ही पिढी लसविरोधी कधीच नव्हती. आजच्या बहुतेक ज्येष्ठांच्या दंडावर देवीच्या लसीचे व्रण आहेत. देवीचा शेवटचा रुग्ण भारतात १९७५ मध्ये आढळला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त झाल्याचे प्रमाणित करण्यात आले. हा विजय याच पिढीच्या डोळ्यांदेखत झाला. पोलिओच्या डोसासाठी नातवंडांना कडेवर घेऊन जाणारे हात याच आजी-आजोबांचे होते. त्यांचा नकार लसीला नव्हता. आपला प्रश्न ऐकून घेणारे, आपल्या भाषेत उत्तर देणारे आणि ज्याच्यावर विश्वास टाकता येईल असे माणूस त्यांना हवे होते. मराठी, कन्नड आणि तेलुगु एकाच गल्लीत नांदणाऱ्या या शहरात ‘आपल्या भाषेत’ या दोन शब्दांचे मोल विशेष आहे.

विश्वासाअभावी विज्ञान उंबऱ्याबाहेरच थांबते, हे महाराष्ट्राने सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिले आहे. जानेवारी १८९७ मध्ये डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या कारकिर्दीत गोरे सोजीर घराघरांत शिरत होते. परक्या सत्तेच्या दंडुक्याने रोग तर आटोक्यात आला नाहीच, उलट उपचारांविषयी दहशत मात्र पसरली. लोकमान्यांनी त्या जुलमावर ‘केसरी’तून कठोर टीका केली, पण तेवढ्यावर न थांबता हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालयही उभे करविले. टीका आणि सेवा यांचा असा मेळ आपल्याकडे फार थोड्यांना साधला. पुढे १९०२ मध्ये नागपुरात प्लेगने बळीरामपंत व रेवतीबाई हेडगेवार हे दांपत्य एकाच दिवशी हिरावून नेले. मागे राहिलेल्या मुलांतील केशवाने नंतर वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि संघाची स्थापना केली. साथीत उद्ध्वस्त झालेले घर म्हणजे काय, हे डॉक्टरांना कोणी सांगावे लागले नाही.

कोरोनाच्या काळात सत्ता परकी नव्हती, लसही स्वदेशी होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळा केलेला विषाणू कोवॅक्सिनच्या मुळाशी होता आणि कोविशील्ड पुण्याच्याच कारखान्यात तयार होत होती. तरीही २ जानेवारी २०२१ रोजी अखिलेश यादव यांनी तिला ‘भाजपची लस’ ठरविले. ज्या विधानाचा फटका सामान्य वृद्धाच्या जिवाला बसू शकतो, ते राजकारणाच्या सोयीसाठी करणे अक्षम्य होते. परंतु दोष केवळ विरोधकांच्या माथी मारून आपली सुटका होत नाही. काढा घेतला की लसीची गरज नाही, असे संदेश आपल्याच घरांतील भ्रमणध्वनींवरून फिरत होते. आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्याने तर त्याच्या नावावर असा दावा खपवून घेता कामा नये.

व्यवस्थेनेही वृद्धांची परीक्षा पाहिली. नोंदणी संगणकीय, संकेतांक भ्रमणध्वनीवर, आणि घरात स्मार्टफोन वापरणारे कोणी नाही. मुले पुण्यात, बंगळुरूत वा अमेरिकेत. आई-वडील सोलापुरात एकटे. एप्रिल-मेच्या टंचाईत राज्यातील अनेक केंद्रांवर लस संपल्याच्या पाट्या लागल्या. ज्येष्ठांची दुसरी मात्रा चुकू नये म्हणून मे महिन्यात राज्य सरकारला तरुणांचे लसीकरण थांबवावे लागले. कोविशील्डच्या दोन मात्रांतील अंतर मार्चमध्ये सहा ते आठ आठवडे झाले, तर १३ मे रोजी बारा ते सोळा आठवडे. त्यामागे शास्त्रीय अभ्यास होता. पण तो समजावून सांगितला न गेल्याने ‘लस नाही म्हणून तारीख पुढे ढकलली’ असाच अर्थ निघाला. २७ मे रोजी ज्येष्ठ व दिव्यांगांसाठी घराजवळ केंद्रे उघडण्याचे धोरण आले आणि नोव्हेंबरमध्ये ‘हर घर दस्तक’ मोहीम. माणसाने लसीकडे जाण्याऐवजी लसीने माणसाकडे जावे, हे सूत्र तेव्हा स्वीकारले गेले.

‘लस घेऊनही कोरोना होतोच ना?’ हा प्रश्न सर्वांत अवघड होता. सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी मार्च २०२१ मध्ये लसीची पहिली मात्रा घेतली आणि एप्रिलमध्ये त्यांना संसर्ग झाला. अनेकांना यात लसीचा पराभव दिसला. खरे उत्तर असे की, पहिल्या मात्रेनंतर मिळणारे संरक्षण अपुरे असते. आणि दोन्ही मात्रांनंतरही संसर्ग होऊ शकतो, परंतु तो गंभीर होण्याचा व प्राण जाण्याचा धोका लक्षणीय कमी होतो. एवढे दोन वाक्यांत सांगणारा भेटला, तर शंका राहत नसे.

शंका पुन्हा उद्भवतातच. एप्रिल २०२४ मध्ये ॲस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनमधील न्यायालयात दिलेल्या कबुलीचे वृत्त आले आणि कोविशील्ड घेतलेल्या ज्येष्ठांची झोप उडाली. रक्तात गुठळ्या होण्याचा तो दुष्परिणाम अत्यंत विरळ असून तो मात्रेनंतरच्या काही आठवड्यांतच संभवतो. तीन वर्षांनी त्याचे भय बाळगण्याचे कारण नव्हते. परंतु दुष्परिणाम कधीच होत नाहीत असे छातीठोकपणे सांगणारेही चुकीचेच होते. अर्धसत्याने मिळविलेला विश्वास एका बातमीने ढासळतो.

आता पुढे काय? ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरील प्रत्येक नागरिकास आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र फ्लू व न्यूमोनियापासून वाचविणाऱ्या लसी वैद्यकीय तज्ज्ञ ज्येष्ठांसाठी सुचवीत असले, तरी बालकांच्या लसीकरणासारखा देशव्यापी कार्यक्रम ज्येष्ठांसाठी नाही. रुग्णालयात दाखल झाल्यावर खर्च करणारे शासन दाखल होण्याची वेळच टाळण्यासाठीही पुढे आले पाहिजे. ही मागणी आपण आग्रहाने मांडली पाहिजे.

शासनाने ते केले तरी उंबऱ्याच्या आतले काम समाजालाच करावे लागेल. संघाने शताब्दीनिमित्त मांडलेल्या पंचपरिवर्तनात कुटुंब प्रबोधनाला स्थान आहे. त्याचा आरंभ वस्तीतील एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या यादीपासून करता येईल. कोणाला कोणता आजार आहे, मुले कोठे आहेत, कोणती भाषा बोलली जाते आणि कोणत्या डॉक्टरांवर विश्वास आहे, एवढी माहिती प्रत्येक वस्तीतील दोन कार्यकर्त्यांपाशी असली, तर पुढील साथीत पहिला महिना वाया जाणार नाही. साथ आल्यावर घरोघर जाणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात. एरवीही येत-जात असणाऱ्याला मात्र ते स्वतःहून विचारतात, ‘बाबा रे, ही लस घेऊ का?’ तो प्रश्न ऐकण्याचा अधिकार शांततेच्या काळातच मिळवावा लागतो.