शरीरात दारं धरतं कोण?

सास्तूरच्या शिवारात सोयाबीनवर अळी दिसली, की घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, "औषध मारायला चाललो." वाचकहो, या शब्दापाशी जरा थांबा. अळी मारणारे विष, त्याला आपण औषध म्हणतो. आणि औषध म्हटले की भीती संपली. मग तोंडाला फडके नाही, हातात मोजे नाहीत, वाऱ्याची दिशा पाहणे नाही. पंप ओढ्यात धुतला जातो आणि रिकामा डबा घासूनपुसून घरात वापराला येतो.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पेपरात आले, चौकशी बसली. ते मरण डोळ्यांदेखत आले, म्हणून मोजले गेले. पण जे विष थोडे थोडे अंगात जाऊन वीस वर्षांनी हिशेब मागते, त्याचा पंचनामा कोण करणार?

कॅन्सर म्हटले की आपल्याकडे दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक तर नशीब, नाही तर मागच्या जन्मीचे पाप. ही दोन्ही बोलणी आता सोडून द्यावीत. शास्त्र काय म्हणते ते समजायला शेतकऱ्याला अवघड नाही. ज्याने रात्री-बेरात्री दारं धरली आहेत, त्याला त्यातले निम्मे आधीच ठाऊक आहे.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो, सुमारे वीस हजारांचा. तरी डोळ्याची पेशी पाहते आणि यकृताची पेशी पित्त तयार करते. हे कसे? विहीर एक, पाट एक. पण कोणत्या वाफ्याला पाणी सोडायचे आणि कोणाचे तोंड मातीने बुजवायचे, यावर सगळे अवलंबून. पेशीतही तसेच. मिथाइल नावाचा बारीकसा रासायनिक ठिपका जनुकाच्या तोंडाशी बसला की बहुधा ते जनुक बंद राहते. ठिपका निघाला की उघडू शकते.

धूर, काजळी, काही विषारी रसायने ही दारं धरणाऱ्यालाच चकवतात. पेशीची बेसुमार वाढ रोखणारी जनुके बुजवली जातात, वाढीला जोर देणारी मोकळी सुटतात. काही विषे तर पाटच फोडतात, म्हणजे जनुकाची अक्षरेच बदलतात. असे नुकसान साठत गेले की एखाद्या पेशीला आवर राहत नाही. त्याचेच नाव कॅन्सर.

चुलीचेच घ्या. ओले-सुके सरपण, तुऱ्हाट्या, गोवऱ्या नीट जळत नाहीत, तेव्हा धुरात बेन्झोपायरीन नावाचा पदार्थ तयार होतो. तव्यावर तंबाखू भाजून आपल्या आयाबहिणी जी मशेरी करतात, तिच्यातही तो असतो. पेशीतले एक प्रथिन त्याला धरते, जनुकांपाशी जाते आणि सफाईची जनुके उघडते. हेतू चांगला, घाण बाहेर काढावी हा. पण त्या सफाईतच बेन्झोपायरीनचे अधिक घातक रूप तयार होते आणि ते जनुकालाच जाऊन चिकटते. राखणदारानेच चोराच्या हाती विळा द्यावा, तसा हा प्रकार. उकिरड्यावर प्लास्टिक जाळले की डायॉक्सिन निघते, तेही याच प्रथिनाला धरते.

काजळीचा आणि कॅन्सरचा संबंध काही कालपरवा कळलेला नाही. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ सालीच धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या बाबतीत तो दाखवून दिला होता. नवे काय, तर २०२३ साली लंडनच्याच क्रिक संस्थेतील संशोधकांनी दाखवले, की हवेतली बारीक धूळ जनुकाची अक्षरे न बदलताही काम करते. वयोमानाने बिघडलेल्या काही पेशी फुफ्फुसात नुसत्या झोपून असतात. धुळीने तिथे दाह होतो आणि त्या जाग्या होतात.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. कॅन्सरच्या शास्त्रावर धाराशिवचे ऋण आहे, हे आपल्याच लोकांना माहीत नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्यात बार्शीबरोबर आपले परंडा आणि भूम हे तालुके होते. पुढे १९९९ पासून याच जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास झाला. २००९ साली निष्कर्ष जाहीर झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने त्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटले. तो विषाणूही हेच करतो, पेशीतले राखणदार प्रथिन निकामी करतो. जगाने आपल्या आयाबहिणींकडून धडा घेतला. मग ती तपासणी आज सास्तूर-माकणीच्या प्रत्येक बाईच्या दारात नेमाने का येऊ नये?

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक कॅन्सर फवारणीने होतो, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. तंबाखू आणि मशेरी यांचा दोष पक्का आहे. लिंडेनचा दोष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली पक्का धरला. मॅलॅथिऑन, डीडीटी आणि ग्लायफोसेट हे तणनाशक यांना तिने त्याच वर्षी 'बहुधा कारक' म्हटले. ग्लायफोसेटबाबत इतर देशांच्या नियामकांचे मत वेगळे आहे. घरातल्या सरपणाच्या धुरालाही ती 'बहुधा कारक'च म्हणते. पण बहुधा म्हणजे बिनधास्त नव्हे. बांधावर बहुधा साप आहे म्हटल्यावर आपण अनवाणी जातो का?

आणखी एक. डब्यावरचा त्रिकोण पाहून आपण विषाची पारख करतो. लाल जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हा रंग सांगतो तो एका वेळी पोटात वा अंगावर गेल्यास माणूस किती लवकर दगावेल एवढेच. वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगात गेले तर काय, याबद्दल तो त्रिकोण मुका आहे. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक, हा समज आधी डोक्यातून काढा.

शासनाकडे मागणे साधे आहे. कॅन्सरच्या रुग्णाची नोंद करताना तो काय फवारत होता, घरात चूल होती का, मशेरी होती का, हेही लिहून घ्या. कृषी सहायकाने हंगामाआधी गावात फवारणीचे धडे द्यावेत. उज्ज्वला योजनेचे सिलिंडर २०१६ पासून घरात आले, पण पुन्हा भरायला पैसे नसतात म्हणून चूल पेटतेच. त्याचा विचार व्हावा. पूर्वीच्या माळवदाला धूर जायला साणे तरी असे. आता सिमेंटच्या खोलीत धूर जाणार कुठे?

आपल्या हातीही पुष्कळ आहे आणि त्यात आशा आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात काही जनुकांवरचे मिथाइलचे ठिपके बदललेले सापडतात. व्यसन सोडल्यावर वर्षागणिक त्यातले बरेच पूर्ववत होऊ लागतात. म्हणजे बुजलेली दारं पुन्हा मोकळी होऊ शकतात. सगळी नाहीत, पण बरीच. तेव्हा आज सोडले तर आजपासून फायदा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे या गावावर जो घाला आला, तो काही क्षणांत आला. तो टाळणे कोणाच्या हाती नव्हते. हा दुसरा घाला सावकाश येतो आहे, दिसतो आहे आणि बराचसा टाळता येण्यासारखा आहे. उद्या फवारणीला निघाल तेव्हा नाका-तोंडाला फडके बांधा, हातात मोजे घाला, वाऱ्याकडे पाठ ठेवा, घरी आल्यावर आधी अंघोळ करा आणि मग लेकराला जवळ घ्या. आणि त्याला औषध म्हणू नका. विष म्हणा.