थोडक्या सवडींतील यात्रा

दोन दिवसांची रजा आणि बेताचा पैसा असतां चार क्षेत्रें धांवत उरकण्यापेक्षां एकच, उदाहरणार्थ पंढरपूर, स्वस्थपणें करावें; ऋण काढून यात्रा करूं नये. आषाढीस पदस्पर्शाच्या रांगेंत कित्येक तास जातात. बरोबरच्या वृद्ध सासूबाईंस तेवढें उभें राहवत नसेल, तर मुखदर्शनावर संतोष मानावा. तेंहि न घडल्यास चंद्रभागेंत स्नान करून, नामदेवपायरीस वंदन करून कळस पाहावा. एवढ्यावर कृतार्थ होऊन परतणारे वारकरी थोडे नाहींत. मात्र पुढें जाण्याच्या घाईंत वृद्धांचा हात सोडूं नये. आईबापांच्या सेवेंत गुंतलेल्या पुंडलिकानें ज्यास विटेवर तिष्ठत ठेवलें, तो विठ्ठल सासूबाईंसाठीं मागें राहणाऱ्या सुनेवर कसा रुसेल?