पाटी बदलली, जागा?

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला आणि आपल्या पाट्यांनी तो निमूटपणे स्वीकारला. वाहनतळांवरच्या पाट्यांनीसुद्धा. शब्दाचे दिव्यत्व मान्य करू, मापाचे काय? राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार राखीव जागा ३.६ मीटर रुंद आणि प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत हवी. नेहमीच्या जागेहून जास्तीची ही मीटरभर रुंदी दार सताड उघडून चाकाच्या खुर्चीत सरकण्यासाठी असते. तिथे कुणी मोटरसायकल घुसवली, की पाटीचे शुद्धलेखन तेवढे शाबूत राहते.

माझा खरा आक्षेप मात्र या मापावरच आहे. त्याच्या कल्पनेतला अपंग (मी जुनाच शब्द वापरतो) मोटारवाला आहे. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत राबणारा अपंग कामगार सुट्टीच्या दिवशी मॉलमध्ये येतो तो बहुधा बाजूला जादा चाके जोडलेल्या स्कूटरवरून. ती दुचाकींच्या रांगेत मावत नाही आणि मोटारींच्या रांगेत रखवालदार ती लावू देत नाही.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नियमावलीतील नियम १५(१) रद्दबातल ठरवला. २०१६ च्या कायद्याने जी सक्ती केली, तिचा या नियमाने नुसता सल्ला केला होता. सक्तीचे नियम करा, असे न्यायालयाने केंद्राला बजावले. त्या नियमांत या स्कूटरची रुंदी मोजलेली हवी, आणि तिच्यासाठी आखलेली जागा जिन्यापाशी नव्हे, उतारापाशी हवी.